सासऱ्यांच्या संत्र्याचा जीनोम

आमच्या सासऱ्यांच्या बागेतलं सगळ्यात गोड संत्र्याचं झाड काही दिवस कागदोपत्री लिंबू होतं. ही कामगिरी माझी!

मी पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवतो. डेटा अ‍ॅनालिसिसचा ऑनलाइन कोर्स केल्यापासून दिसेल त्याचा आलेख काढायची मला खोड लागली आहे. (कुकरच्या शिट्ट्यांचाही काढला होता. त्या दिवशी बायकोने, म्हणजे सुनीताने, मला बाहेर जेवायला पाठवलं.)

रामाकोन्याला सासऱ्यांची बाग आहे. विहिरीजवळचं एक झाड त्यांच्या आईने, सकूआजीने, स्वतः कलम बांधून वाढवलेलं. आजी गेली, आणि आता झाडही एका बाजूने वाळायला लागलं होतं. अशात शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंद करता येते, ही बातमी मामाजींनी (सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो) पेपरात वाचली आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"जवाईबापू, झाड जाईन तं जाईन, पन बुढीचं नाव राह्यलं पाह्यजे. 'सकू संत्रा'! तुमी शिकलेले, तुमीच करा."

"मामाजी, चिंता सोडा! जीनोमच काढून टाकतो!"

नागपूरच्या एका प्रयोगशाळेला कोवळी पानं हवी होती. मी हातमोजे, मास्क, चिमटा असा जामानिमा करून बागेत उतरलो. कोवळी पानं होती शेंड्याला, आणि माझ्या पोटाचं शिडीशी जमत नाही. पण झाडाच्या बुडाशीच एक फुटवा सरळसोट वर आला होता, हिरवागार! मी तिथेच बसकण मारली. हातमोज्यातून काटा आरपार घुसला.

"पाहा, काय जोर आहे वाणाचा!" मी कळवळत ओरडलो. मामाजी नुसतेच खोकले.

"जवाईबापू, जरासं वरतून..." सासूबाई म्हणाल्या.

"मामी, विज्ञानात वरचं-खालचं काही नसते! झाड एक, जीनोम एक!"

मामींनी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी आभाळाकडे.

त्यातच परदेशी कंपन्या जनुकीय डेटा पळवतात, त्यावर कडक कायदा हवा, अशी चर्चा मी मोबाईलवर वाचली. झालं! पाकिटावर मी झाडाचं नावही लिहू दिलं नाही. अहवाल येईपर्यंत मामाजी काठी घेऊन झाडाखाली खाट टाकून बसले. साक्षात सरपंचांना त्यांनी एक फळ दिलं नाही!

अहवाल आला तेव्हा अर्धं गाव अंगणात गोळा केलं. भिंतीवर चादर बांधून मी रंगीत ठिपके दाखवले.

"हा सगळ्या संत्र्यांचा घोळका. आणि आपलं झाड? पार तिकडे कोपऱ्यात! मामाजी, आपला संत्रा दुसऱ्या कोणत्याच संत्र्यासारखा नाही!"

टाळ्या! मामींनी पेढे वाटायला घेतले. तेवढ्यात सुनीताने अहवालाचं शेवटचं पान उलटलं.

"अहो, इथं तं जंबेरी लिहून आहे."

जंबेरी म्हणजे आंबट, काटेरी लिंबू. आमच्याकडे तिच्याच खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. वरचं झाड संत्र्याचं, बूड जंबेरीचं. आणि मी पानं तोडली होती बुडातून फुटलेल्या फुटव्याची! (संत्र्याच्या मुलखात जन्मलो आहे मी. काय बोलणार!)

मामाजींनी हातातला पेढा परत ठेवला. "गेलं बुढीचं नाव."

"तुमाले तेव्हा दिसलं नाही काय?" मी कसंबसं विचारलं.

"सगळ्याइलेच दिसून राह्यलं होतं जी."

"मग बोलले काहून नाही?"

"जवाई मान्साले टोकाव कसं?" मामी पुटपुटल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी सुनीता स्वतः शिडीवर चढली. मला लांब खुर्चीत बसवून हातात चहा देण्यात आला. "तुमी बसा जी, तुमचा मान आहे!"

या खेपेला ठिपका संत्र्यांमध्येच पडला, पण इतरांपासून जरा हटून, ऐटीत. नोंदणीचा अर्ज गेला. मामाजींनी झाडावरून हात फिरवला आणि सरपंचांकडे टोपलीभर संत्री पाठवली.

सकूआजीचं नाव सरकारदरबारी लागायला अजून वेळ आहे. माझं मात्र गावाने अर्जाविनाच लावून टाकलं. बुडातून फुटणारा, काटेरी, झाडाचं सत्त्व खाऊन काहीच न देणारा फुटवा दिसला की रामाकोन्यात आता हाक ऐकू येते, "विळा आण गा, जवाई फुटला!"