गुलाबभाऊ आणि प्राचार्यांचा पासवर्ड

गुलाबभाऊ थूल आमच्या कॉलेजात अकरा वर्षं तात्पुरते होते. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एका दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्या खंडाच्या दिवशीही ते कामावर येत, कारण कॉम्प्युटर लॅबचं कुलूप त्यांच्याशिवाय कोणाला उघडत नसे. ऑर्डर टाइप करणारा मी, कॉलेजचा कारकून. म्हणजे हा सगळा अन्याय माझ्याच हातून, दर वर्षी तारीख टाकून, तीन प्रतींत झालेला आहे.

रोहण्याहून ते १९९५ साली लॅब अटेंडंट म्हणून आले, तेव्हा कॉम्प्युटर सहा होते. सकाळी त्यांची प्लास्टिकची कव्हरं काढायची, संध्याकाळी घालायची आणि चपला घालून कोणी आत आलं तर त्याला बाहेर काढायचं, एवढंच काम. २००१ साली नागपूरहून एक इंजिनिअर आला. त्याने सर्व्हर बसवला आणि सगळ्यांची नावं, पासवर्ड एका यादीत ठेवले. तिला डिरेक्टरी म्हणायचं. तिथे पासवर्ड एकदा बदलला की तोवर झालेल्या चारही लॅबमध्ये बदलला. इंजिनिअर तीन दिवस होता. प्राध्यापक मंडळी तीन दिवस त्याला जेवायला कुठे न्यायचं यावर चर्चा करत होती. शिकून घेतलं ते गुलाबभाऊंनी, दोनशे पानी वहीत.

पासवर्ड बदलायला बटण वगैरे नव्हतं. काळ्या पडद्यावर एक लांबलचक ओळ टाइप करायची, त्यात ज्याचा बदलायचा त्याचं नाव. मग सर्व्हर नवा पासवर्ड दोनदा विचारी. तेव्हा गुलाबभाऊ समोरच्याला खुर्ची देत आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत. त्यानंतर सर्व्हर मुख्य पासवर्ड विचारी, जो फक्त गुलाबभाऊंना ठाऊक. आता तोंड फिरवायची पाळी समोरच्याची.

"सर, आता तुमी तिकडं पाहा," ते म्हणत.

विद्यार्थी पाहत. प्राध्यापक कुरकुरत पाहत. प्राचार्य साहेबांनी मात्र शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवली, की हा नवा पासवर्ड, टाकून द्या. गुलाबभाऊंनी ती घडीसुद्धा न उलगडता परत केली. "चिठ्ठी नोको. साहेबाले सोता यावं लागन."

साहेब आले. दोन बोटांनी पासवर्ड दोनदा टाकला आणि मग आपल्याच कॉलेजात, आपल्याच अटेंडंटच्या सांगण्यावरून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तो अपमान ते विसरले नाहीत. पासवर्ड मात्र विसरू म्हणून त्यांनी ती चिठ्ठी आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवली, देवाचा फोटो आणि टेलिफोन नंबरांच्या मधोमध. रजेच्या अर्जावर सही घ्यायला जाणारा प्रत्येक जण ती वाचत असे. मी तर रोज वाचत असे.

२००६ साली गुलाबभाऊंना कायम करण्याचा प्रस्ताव एकदाचा संस्थेकडे गेला. त्यांच्या पत्नी कमलावहिनी बाजारात भेटल्या की विचारत, "भाऊजी, आला का कागद?" मी सांगे, पोळा होऊ द्या. संस्थेचे सचिव सदाशिवराव तसं म्हणाले होते.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात तेव्हा, तपासणी समिती येणार होती, म्हणून सुट्टी रद्द झालेली. पोळ्याच्या आदल्या दुपारी प्राचार्यांच्या नावाने सर्वांना मेल आला. तपासणी पुढे ढकलली आहे, तान्ह्या पोळ्याची सुट्टी कायम आहे. साहेब समितीला आणायला नागपूरला गेलेले. बातमी इतकी आनंदाची होती की ती खरी आहे का, हे विचारायचं पाप कोणी केलं नाही. मीही नाही.

समितीची गाडी आली तेव्हा गेटवर चौकीदार नातवाच्या लाकडी बैलाला बेगड लावत बसला होता. आणि आत लॅबमध्ये एकटे गुलाबभाऊ. ते प्रत्येक सुट्टीला सर्व्हर पाहायला येत, तसे आलेले. मेल साहेबांनी पाठवलाच नव्हता, कोणीतरी त्यांचा पासवर्ड वापरला होता. चौकीदार सोडला तर अख्ख्या कॉलेजात हजर असलेला हा एकच माणूस, तेव्हा संशयित ठरायला वेळ लागला नाही. सगळे फसले, हाच कसा फसला नाही?

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत, त्याच टेबलाभोवती झाली. सदाशिवराव, प्राचार्य आणि इतिवृत्त लिहायला मी. चिठ्ठी होती तिथेच होती. सदाशिवरावांच्या चहाची बशी नेमकी तिच्यावर.

"साहेबांचा पासवर्ड तुला माहीत होता?" सदाशिवरावांनी विचारलं.

"नाई सर. मले कोनाचाच मालूम नाई."

"बदलतोस तर तूच."

"बदलू शकतो. पाहू नाई शकत. डिरेक्टरी पासवर्ड कुटून ठेवते, सर. मिरची कुटली का तिखट होते. तिखटाची परत मिरची कशी करू?"

सदाशिवरावांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी छताकडे पाहिलं. पाच वर्षांत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे ते खरं असणं शक्य नव्हतं.

"कोणाचाच माहीत नाही, तर मग तू इतकी वर्षं करत काय होतास?"

मी इतिवृत्तात लिहिलं: 'पासवर्ड माहीत असल्यास विश्वासघात, माहीत नसल्यास अकार्यक्षमता, उभय परिस्थितीत सेवा पुढे चालू ठेवणे उचित नाही.' वाक्य चांगलं झालं, असं प्राचार्य म्हणाले.

मला फक्त ती बशी उचलायची होती. उचलली नाही. हेडक्लार्कच्या जागेसाठी माझाही अर्ज त्याच खोलीत पडून होता. तो पुढे मंजूर झाला आणि त्याची लाज मला अजून वाटते.

लॅब सदाशिवरावांच्या भाच्याकडे, प्रफुलकडे गेली. त्याच्याकडे डिग्री होती. पहिलं काम म्हणून गुलाबभाऊंचा पासवर्ड बदलायचा होता, म्हणजे त्यांना सर्व्हरमध्ये शिरता येऊ नये. प्रफुलने सकाळभर खटपट केली, सर्व्हरने प्रत्येक वेळी ओळ चुकल्याचं कळवलं. शेवटी गुलाबभाऊंनाच बोलावलं. ते आले, चपला बाहेर काढल्या आणि प्रफुलच्या शेजारी स्टुलावर बसले. सेवामुक्तीचा कागद घेऊन मी मागे उभा होतो.

"यूआयडी, बरोबरचं चिन्ह, गुलाब," ते आपल्याच नावाची ओळ सांगू लागले. "मंग कॉमा. मधात जागा सोडू नोका."

एक जागा सुटली असती तरी ओळ चालली नसती आणि प्रफुलला संध्याकाळपर्यंत कळलं नसतं. गुलाबभाऊंनी अक्षर न् अक्षर बरोबर सांगितलं. प्रफुलने नवा पासवर्ड टाकला तेव्हा ते भिंतीकडे वळले, मग मुख्य पासवर्ड त्याच्या हवाली केला. पासवर्ड बदलला. प्रफुल उठायला लागला.

"थांबा. नुसतं बदलून होत नाई. जुना चालते का, हे पाहा लागते."

ते बाजूच्या कॉम्प्युटरवर बसले. आपलं नाव टाकलं, आपला पासवर्ड सावकाश टाकला. मशीनने नाकारला. हात चुकला असेल म्हणून त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा नाकारला.

"जमलं तुमाले, सर," ते प्रफुलला म्हणाले आणि सही करायला माझ्याकडे पेन मागितला.