आटपाडीच्या रस्त्यावरचा साबण

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं ह्या ट्रकनं शिकवलं. कराडच्या बाजूचा ऊस कारखान्यावर टाकला, फलटणला खत पोचवलं, दुष्काळात आटपाडीच्या जनावरांना चाऱ्यासाठी उसाचं वाडं नेलं. आता त्याला काही काम नाही, तरी रोज सकाळी तो सुरू झालाच पाहिजे, हा माझा हट्ट. सुरू होत नाही तो ट्रक नव्हे, ते भंगार, असं मीच लोकांना सांगायचो.

तोच शब्द पोरानं माझ्यावर उलटवला.

इतकी वर्षं ट्रक मळ्यातल्या उतारावर तोंड खाली करून उभा असायचा. कधी त्रास दिला नाही. गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला, त्यात उतार गेला आणि ट्रक घरापुढच्या फरशीवर आला. तिथं मात्र बिघडला. रात्रभर उभा राहिला की सकाळी सेल्फ नुसता घरघर करायचा. मग मी बॉनेट उघडून हातपंप मारायचो, डिझेलमध्ये धरलेली हवा काढायचो. अर्ध्या तासानं धूर ओकत इंजिन उठायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोवर पोराचा ट्रॅक्टर मागं अडकून पडायचा. शेवटी तो म्हणाला, "आबा, खंडेनवमीला पूजा चालत्या गाडीची करू. तवर किल्लीसरशी सुरू झाला न्हाई, तर भंगारवाल्याला बोलवतो." आवाज चढवला नाही, पण बोलताना माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणजे ठरवून बोलला होता.

मी नवी बॅटरी घातली. सेल्फ खोलून दुरुस्त करून आणला. मलकापूरचा मिस्त्री येऊन म्हणाला, पाइप कुठंतरी हवा ओढतोय, बघू द्या. मी हात लावू दिला नाही. म्हटलं, पाइप फुटका असता तर गळला असता, फरशीवर डिझेलचा एक थेंब दाखव. त्याला तो दाखवता आला नाही. चहा पिऊन गेला बिचारा. मी जिंकलो असं मला वाटलं.

खंडेनवमी आठ दिवसांवर आली, तेव्हा बायको परसात नळीनं पिंपातलं पाणी झाडांना सोडत होती. पाणी येईना. तिनं नळी चाचपली, पिंपाच्या काठावरच्या भागावर चिंधी गुंडाळली, तोंडानं पुन्हा ओढ दिली आणि धार सुरू झाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, वर भोक पडलं की पाणी माघारी पिंपात जातंय. भाईर थेंब दिसत न्हाई. तुमच्या ट्रकाचं तसंच न्हवं?"

नळी आणि ट्रक एकच का, म्हणून मी तिच्यावर डाफरलो. ती काही चिडली नाही. एवढंच म्हणाली, की मळ्यात ट्रकाचं तोंड खाली होतं, इथं न्हाई.

दुपारी सगळे रानात गेल्यावर मी गुपचूप ट्रकाखाली शिरलो. टाकीपासून पंपापर्यंत पाइपवरून बोट फिरवत गेलो. पंपाच्या जवळ बोटाला गाठ लागली आणि मी तिथंच पडून राहिलो. ती माझीच गाठ होती. आटपाडीच्या अलीकडं एका उतारावर पाइपला चीर पडून डिझेल गळायला लागलं होतं. मी कपड्याचा साबण ओला करून चिरेत भरला, वर दोरा आवळला आणि वाडं पोचवून घरी आलो. ही गोष्ट मी प्रत्येक लग्नाच्या मांडवात सांगितली. पाइप बदलायचा तेवढा राहिला. साबण वाळून भेगाळला होता. मळ्याच्या उतारावर थेंब थेंब गळतही असेल, पण मातीत कोण बघतो? इथं सपाटीवर पंप टाकीपेक्षा उंच, म्हणून रात्रीत डिझेल टाकीत माघारी जात होतं आणि त्या भेगेतून हवा आत शिरत होती.

गाठ कापून खिशात टाकावी, कुणाला सांगू नये, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी बायकोपुढं ती ठेवली. तिनं हातात घेऊन वास घेतला. म्हणाली, "साबण माझा हाय ह्यो. तुमच्या पिशवीत मीच घातलावता." त्या दिवशी मला घरी कुणी आणलं होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी मलकापूरला जाऊन मिस्त्रीची माफी मागितली आणि नवा पाइप बसवून घेतला. त्यानंतर ट्रक रोज सकाळी पहिल्या किल्लीला उठला. तिसऱ्या दिवशी पोरानं आपणहून ट्रॅक्टर गोठ्याकडं हलवला आणि तिथंच लावायला लागला.

खंडेनवमीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. नारळ मी बायकोच्या हातात दिला. आमच्यात बायका नारळ फोडत नाहीत. ती मागं सरली, लोक काय म्हणतील म्हणाली.

मी म्हटलं, "गाडी तुझ्यामुळं सुरू झाली. फोड."

पहिल्यांदा तिचा नेम चुकला. दुसऱ्यांदा फुटला. खोबऱ्याचा पहिला तुकडा मी तिलाच दिला, आणि आत बसून किल्ली फिरवली.