दादाची सायकल आणि आमचा शनिवार

दादा सायकलवरून पडून मरेल, ही भीती मला नव्हतीच. देव त्याला मारेल, ही होती. मी दहा वर्षांची होते आणि देवाबद्दलची माझी माहिती अगदी पक्की होती. शब्बाथच्या, म्हणजे देवानं नेमलेल्या विश्रांतीच्या दिवशी सरपण गोळा करणाऱ्या एका माणसाला दगडांनी ठेचून मारलं, ही गोष्ट बाबांनीच सांगितलेली. सरपणाला ही शिक्षा, मग सायकलीला काय?

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. तिकडे आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद. शुक्रवारी सूर्य बुडाला की काम बंद, चूल बंद, गाडीघोडा बंद, ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हा त्यांची मेहकरला बदली झाली. गावात आमचं एकच घर. कोणी आम्हाला ख्रिस्ती समजे, कोणी बोहरी. आई म्हणे, समजू देत, भाजी तर देतात ना!

एकदा कोकणातून काका आले. खाडीचा बांध फुटून आमच्या लोकांच्या भातशेतांत खारं पाणी शिरलं होतं. बांध पुन्हा घालायची सगळ्यांची तयारी होती, पण तोवर खायचं काय? नाहीतर जमिनी विकून इस्रायलच्या जहाजात बसायचं. त्या काळी गावोगाव सायकलवाले यायचे. मैदानात दोरीच्या रिंगणात दिवसरात्र फेऱ्या मारायचे. खाणं, तोंड धुणं सगळं सायकलवरच, आणि पाय टेकला की खेळ खलास. दादा कॉलेजात नापास होऊन घरी बसलेला, अंगात नुसती रग. तो म्हणाला, "मी तीन दिवस चालवतो. पैसे नकोत, लोकांनी ज्वारी-तूर द्यावी. बांध होईपर्यंत तिकडच्यांना पुरेल."

हे ऐकून हेडमास्तर हरखलेच. शाळेचं मैदान दिलं, भोंगा दिला, आणि वर मोठ्या प्रेमानं म्हणाले, "तुमचा देवाचा दिवस शनवार नं, साहेब? मंग सांगता शनवारी संध्याकाळीच करू! याच्याहून चांगला मुहूर्त कोनता?"

बाबांनी नुसते हात जोडले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. घरी आई कडाडली, "जीभ काय ऑफिसात ठेवून आलात?"

"इतक्या मानानं बोलले ते. नाही कसं म्हणू?"

"आता माघार घेतली तर लोक एक दाणा देणार नाहीत," दादा म्हणाला. माझी जेवणावरची वासनाच उडाली.

गुरुवारी सकाळी दादा सुटला. शुक्रवारी दुपारपर्यंत पोत्यांची थप्पी लागली आणि दादाचे ओठ काळे पडले. डोळे उघडे होते, पण तो बघत कुठेच नव्हता. पोरं ओरडत होती, "पाय टेकू नको बे!" मी दोरी घट्ट धरून उभी. सूर्य शाळेच्या कौलांमागे गेला, शब्बाथ लागला. दर फेरीला वाटे, आता. आता वरून काहीतरी पडणार.

तेवढ्यात बाबा दोरीखालून आत शिरले. आंघोळ करून, स्वच्छ टोपी घालून आले होते. दर शुक्रवारी दिवेलागणीला ते आमच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हणत. आज ते दादाच्या डोक्यावर हात ठेवून सायकलीबरोबर पळू लागले. पोट सुटलेला माणूस, धापा टाकतोय, ओठ पुटपुटतायत. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. बाबा अडखळून गुडघ्यावर पडले. दादानं ब्रेक दाबला आणि पाय टेकला.

"खेळ मोडला!" कोणीतरी ओरडलं. "आमची जवारी काय फुकटची हाये?" आता मला देवापेक्षा माणसांची धास्ती वाटली. हेडमास्तर धावत आले. "काऊन थांबवलं हो?"

"मास्तर, शब्बाथला आम्ही कुठलंच काम करत नाही," बाबा धुळीतूनच म्हणाले. "तुमच्यापुढं तोंडच उघडलं नाही माझं."

"अरे देवा! एकादशीले तुमी आमाले मटन वाढलं असतं, तं आमी गप गियलं असतं काय?" त्यांनी कपाळावर हात मारला, धोतराचा काचा खोचला आणि सायकल उचलली. "खेळ कुठी मोडला? गडी बदलला फक्त!"

दादाला घरी आणला तो तापानं फणफणतच. शनिवारी दिवसभर मैदानातल्या सायकलची घंटी ऐकू येत होती. मास्तर, शिपाई, शिंपी, आळीपाळीनं सगळे चालवत होते. "आपल्यापायी दुसऱ्यांनी आज राबायचं, हेही पापच ना?" आईनं विचारलं. मी दादाच्या नाकापुढे बोट धरून बसले. बोटाला श्वास लागला की जिवात जीव यायचा, जरा उशीर झाला की रडू फुटायचं.

तिन्हीसांजेला त्याला दरदरून घाम आला आणि ताप उतरला. बाबांच्या खांद्याचा आधार घेऊन तो मैदानावर गेला, मागे मी.

शेवटची पाळी हेडमास्तरांची होती. लोक म्हणत होते, "गुरुजी, झालं, उतरा." ते ऐकेनात. दादाला पाहताच ते सायकलवरूनच डगमगत जवळ आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बरा हायेस नं, बाबू? माह्या मुहूर्तानं तुले काही झालं असतं तं..." त्यांनी मान वर करून आभाळाकडे डोळे बारीक केले. "चांदन्या निंघाल्या काय रे? मले चष्म्याबिगर दिसत नाही. नीट पाहून सांग. तोवर मी उतरत नाही."

"निघाल्या, गुरुजी," दादा म्हणाला आणि त्यानं हँडल धरलं. पाय आखडून गेल्यामुळे त्यांना एकट्यानं उतरताच येत नव्हतं.