फोटोतली पोरगी कुठाय?

दि. ८ एप्रिल १९९६, सोमवार. रोख रुपये अकरा हजार चारशे साठ.

एवढी रक्कम मी इंदापुरातल्या आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर शालन रविंद्र सोनवणे यांच्या हातात मोजून दिली. बी.कॉम. होऊन मी तेव्हा तिथे रोखपाल म्हणून लागलो होतो. पैसे त्यांचेच होते. ब्लाउज शिवून रोज पाच-दहा रुपये पिग्मीत टाकत त्यांनी ते जमवले होते. मॅनेजरांनी विचारलं, "शालनताई, सोनं घेताय का?"

"न्हाय साहेब. कॅमेरा."

ऑफिसातले सगळे हसले. त्याच आठवड्यात एका खातेदाराने जवळजवळ तेवढ्याच पैशांत जुनी मोटारसायकल घेतली होती. त्याच्याकडे मात्र सगळ्यांनी पेढे मागितले होते.

शालनताई मूळच्या सणसरच्या. नवरा रविंद्र एसटीत कंडक्टर. लग्नाआधी वर्षभर त्या बारामतीत आबाजींच्या स्टुडिओत कामाला होत्या. आबाजी म्हणजे त्या भागातले जुने फोटोग्राफर. झाडलोट करता करता, प्रिंटा कापता कापता ताईंनी जेवढं दिसलं तेवढं उचललं. आबाजींनी मुद्दाम शिकवलेली गोष्ट एकच: स्थळासाठी मुलीचा फोटो काढायचा तर ती गोरी दिसली पाहिजे. चेहऱ्यावर पावडरीचा थर द्यायचा, समोरून दोन्ही लाइट मारायचे, वर लॅबवाल्याला चिठ्ठी द्यायची की प्रिंट उजळ काढ. "पोरीच्या बापाला पोरगी न्हाय, गोरेपण विकायचं असतं," असं आबाजी सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

आमच्या पतसंस्थेला लागून एक गाळा रिकामा होता. ताईंनी तो भाड्याने घेतला आणि बाहेर पाटी लावली, 'सम्यक फोटो'. आत एक स्टूल, मागे राखाडी पडदा. उत्तरेच्या खिडकीला त्यांनी वडिलांचं जुनं धोतर ताणून बांधलं होतं. त्यातून गाळून येणारा उजेड चेहऱ्याच्या एका बाजूला पडायचा. दर्शनी भागात काचेचं शोकेस होतं.

पहिलं गिऱ्हाईक मोरगावचं. एक म्हातारे तात्या, त्यांची बायको, दोन सुना आणि नातवंडं. ताईंनी भराभर फोटो काढले, पैसे घेतले, माणसं स्टँडकडे गेली. मग त्यांचं लक्ष आकड्याकडे गेलं. रोल छत्तीसचा आणि कॅमेऱ्यावरचा आकडा त्याच्याही पुढे. फिल्म दात्यांत अडकलीच नव्हती, रोल जागचा हललाच नव्हता. ताई अनवाणी स्टँडवर धावल्या. एसटी सुटायच्या बेतात होती. त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं.

तात्या म्हणाले, "आता परत हसायचं व्हय?"

"हसा की तात्या. ह्या टायमाला पैसं न्हाईत घेत."

"मग जरा जास्तच हसतो."

तो फोटो शोकेसमध्ये मधोमध लागला. तोंडात दात नसलेले तात्या खदखदून हसताहेत आणि शेजारी त्यांची बायको पदराआडून त्यांच्याकडे रागाने बघते आहे. बाया तो बघायला थांबत, मग आत येत. आयुष्यात एकटीचा फोटो कधी न काढलेल्या बाया. स्टुलावर बसल्या की त्या श्वास रोखून धरायच्या. ताई विचारायच्या, "मावशी, तुमची म्हस व्याली का हो?" मावशी उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि कॅमेरा वाजायचा. दिवाळीनंतर धंद्याला जरा वेग आला. पण ताई मला स्पष्ट म्हणाल्या होत्या, "भाऊ, लग्नसराईत पोरींचं फोटो आलं तर गाळा टिकंल. न्हायतर परत शिवणाचं मशीन हायच."

माघ महिन्यात संभाजीराव आले. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, लासुर्ण्याकडे ऊस होता. चौथी मुलगी सोबत होती. तिचं नाव नकोशी. शाळेच्या दाखल्यावरही हेच नाव. ज्या बापाने पोटच्या मुलीला हे नाव ठेवलं आणि ज्या शाळेने मुकाट्याने ते लिहून घेतलं, त्यांच्याबद्दल चांगलं बोलणं मला आजवर जमलेलं नाही. मुलगी बारावी झालेली, रंगाने काळी, उभी राहण्यात एक ताठा. ताईंनी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं. तो फोटो मी पाहिला आहे. कपाळावरचा, गालावरचा उजेड जिथल्या तिथे होता आणि डोळे थेट बघणाऱ्याकडे.

संभाजीराव फोटो बघून म्हणाले, "ह्याच्यात तर लईच काळी दिसती."

"जशी हाय तशी दिसती, दादा. देखणी हाय."

त्यांनी पैसे दिले, फोटो उचलले आणि गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुलीला बारामतीला आबाजींकडे नेलं. आबाजींनी आपल्या पद्धतीने फोटो काढला. पण आबाजी फोटो साध्या पाकिटात द्यायचे, आणि ताईंचं फोल्डर जाड, वेलबुट्टीचं, वर सोनेरी अक्षरांत 'सम्यक फोटो, इंदापूर' असं छापलेलं. संभाजीरावांनी ताईंनी काढलेला फोटो बाहेर घेऊन त्या फोल्डरात आबाजींचा फोटो खोचला. सोयरिकीसाठी फोल्डर चांगलं दिसतं, एवढाच विचार. तो फोटो लासुर्ण्याच्या एका घरी गेला आणि पसंत पडला.

पुढच्या रविवारी मुलाकडचे बघायला आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि चुलते गेणूतात्या. नकोशी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, पाटावर बसली. गेणूतात्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि संभाजीरावांना विचारलं, "ही थोरली व्हय? फोटोतली पोरगी कुठाय?"

एक मुलगी समोर बसलेली असताना हा प्रश्न विचारला गेला.

संभाजीरावांनी चूक कबूल केली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. ते म्हणाले, "फोटोवालीनं घोटाळा केला वाटतं." झालं. फोल्डर हातात घेऊन गेणूतात्या बाजारात आले, मागे संभाजीराव, त्यांच्या मागे दहा-वीस रिकामी माणसं. वार्षिक हिशेबाच्या कामासाठी मी पतसंस्थेत होतो. आवाज ऐकून बाहेर आलो.

"ही काय लबाडी हाय?" गेणूतात्यांनी फोटो ताईंच्या समोर धरला.

ताईंनी तो नीट पाहिला. "ह्यो मी काढल्याला न्हाय. ह्याच्या मागं निळा पडदा हाय. माझ्याकडं निळा पडदा न्हाय. आत येऊन बघा."

"फोल्डर तुझं, नाव तुझं. आन फोटो दुसऱ्याचा? संभाजीराव, तुमी सांगा. कुठं काढला?"

संभाजीरावांनी चपलेच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं, "हितंच."

"आमी म्हणतच हुतो," गेणूतात्या गर्दीकडे वळून म्हणाले, "असल्या लोकांच्या दुकानात..." ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनात जातीचं नाव घालून ते पूर्ण केलं. एकालाही ते खोडावंसं वाटलं नाही. त्यातले निम्मे ताईंच्या शोकेससमोर उभे राहून मोरगावच्या तात्यांच्या फोटोवर हसून गेलेले होते.

ताईंकडे खऱ्या फोटोची निगेटिव्ह होती. ती आणून दाखवावी म्हणून मी त्यांना खुणावलं. त्यांनी मान हलवली. मागाहून म्हणाल्या, "भर बाजारात बाप खोटा पाडला, तर त्या पोरीला घरात काय भोगावं लागलं असतं?" स्वतःच्या धंद्याचा पाया खचत असताना ही बाई दुसऱ्याच्या मुलीचा विचार करत होती, आणि मुलीचा बाप स्वतःचा.

ताई गप्प राहिल्या म्हणून गेणूतात्यांना चेव आला. त्यांनी हातातली काठी शोकेसवर मारली. काच फुटली.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. नकोशी आली होती. अंगावर कार्यक्रमाची साडी, डोक्यावरचा पदर तसाच.

"दादा, खरं सांगा," ती बापाला म्हणाली.

"तू घरी जा."

"मग मी सांगते. मला बारामतीला नेलं हुतं. मानंपर्यंत पावडर लावली. नाकातोंडात गेली. ह्या ताईंनी काढल्याला फोटो माझ्या पेटीत हाय. त्यात मी हाय. ह्यात कोण हाय मला म्हाईत न्हाय."

गेणूतात्या म्हणाले, "म्हंजी बाप खोटा?"

"बाप खोटा, आन तुमी आंधळं. मी म्होरं बसले हुते. तरी तुमी फोटोच हुडकत हुता."

गर्दीतला कोणीतरी हसला. संभाजीराव मागच्या मागे निघून गेले. माफी हा शब्द त्या दिवशी कोणाच्याही तोंडून निघाला नाही. गेणूतात्यांनी फक्त विचारलं, "काच कितीची?" जणू काचेपलीकडे काही फुटलंच नव्हतं.

खरं उघडं पडलं म्हणजे खरं करणाऱ्याचं भलं होतं, असं कोणाला वाटत असेल तर त्याने त्या वर्षीची लग्नसराई बघायला हवी होती. हा किस्सा गावोगाव गेला आणि लोकांनी त्यातून काय घेतलं? तर बारामतीचे आबाजी कसलीही पोरगी गोरी करून देतात. त्यांच्या दारात मुलींच्या बापांची रीघ लागली. 'सम्यक फोटो'त त्या हंगामात स्थळासाठी एकही मुलगी आली नाही. खोटं बोललेल्या माणसाचं काही गेलं नाही. खोटा फोटो काढलेल्या माणसाचा धंदा वाढला. माल नमुन्याबरहुकूम नाही म्हणून परत करतात तशी एक मुलगी परत केली गेली, आणि त्याचा दोष तिला जशीच्या तशी दाखवणाऱ्या बाईच्या माथी बसला.

रविंद्र एकदा माझ्यासमोर बायकोला म्हणाला, "लॅबवाल्याला एक चिठ्ठी द्यायची. कुणाचं काय जातंय?"

"त्या पोरीला विचार जा, काय जातं," ताई म्हणाल्या. 

त्यांनी शिवणाचं मशीन गाळ्यातच आणून ठेवलं. कॉलेजचे, नोकरीच्या अर्जांचे पासपोर्ट फोटो काढायच्या, मधल्या वेळात ब्लाउज शिवायच्या. बाया येत राहिल्या, सुना सासवांना घेऊन यायला लागल्या. गाळा सुटला नाही. नकोशी जूनमध्ये नर्सिंगच्या अर्जासाठी फोटो काढायला आली, चालत, एकटी. ताईंनी तिला त्याच खिडकीकडे तोंड करून बसवलं. तिचं पुढे लग्न झालं का, असं मला अजून लोक विचारतात. मी उत्तर देत नाही.

शोकेसला नवी काच लावायला एकशे पासष्ट रुपये लागले. गेणूतात्यांनी त्या दिवशी शंभराची नोट दिली आणि बाकीचे पुढच्या बाजाराला देतो म्हणून सांगितलं. पासष्ट रुपये अजून यायचे आहेत.