मांजरीच्या दाराला कडुनिंब

छप्पन्न-सत्तावन्न सालची गोष्ट असेल. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सारा चांदाच. वैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव आणि गावाच्या टोकाला माझं घर. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी, एक कुत्रा आणि बायकोनं दुधात चिंधी बुडवून वाढवलेली राखाडी मांजर. बायकोचा आवाज ओळखणारं माझ्याशिवाय तेवढंच एक उरलं होतं. कुत्रा ती गेल्यानंतर आला होता.

समोरची बाई मुलीच्या बाळंतपणाला ब्रह्मपुरीकडे निघाली. टोपलीत पिवळी मांजर झाकून माझ्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत आली.

"भाऊ, महिनाभर सांभाळा हिले. एकटी ठेवली तं कुत्रे फाडतीन."

"ठेवा. आणली तशीच परत देईन," मी म्हणालो. मी एकदा बोललो की बोललो.

तिसऱ्या दिवशी पिवळी शिंकायला लागली. डोळ्यांतून आधी पाणी, मग चिकट घाण. भाताला तोंड लावेना. वरच्या टोलीत, म्हणजे पलीकडच्या वस्तीत, मागच्याच महिन्यात मांजरी अशाच शिंकत शिंकत मेल्या होत्या. हिला तेच झालं की नुसती सर्दी, कोण सांगणार? बाहेर सोडावी तर शब्द जातो. घरात मोकळी ठेवावी आणि राखाडीला लागण झाली, तर मग घरात राहिलं काय?

मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी केलं. बायकोच्या अंगावर देवी उठल्या होत्या. माता आली म्हणतात आमच्याकडे. तेव्हा तिला धानाच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. भांडं वेगळं, पांघरूण वेगळं, आत जाणारं माणूस एकच, आणि दाराला कडुनिंबाचा टहाळा. ते माणूस म्हणजे तिची आई. मला त्यांनी उंबरा ओलांडू दिला नाही. बायको त्या खोलीतून चालत बाहेर आली नाही.

पिवळीला त्याच खोलीत ठेवलं. करवंटीत पेज. आत जाताना एक फाटकं धोतर नेसायचं, बाहेर आलं की ते वळणीवर आणि हात कडुनिंबाच्या पाण्यात. दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं. जुना खिळा तिथंच होता, त्याला टहाळा बांधला. ते दार सपरीत उघडतं आणि सपरी रस्त्यावर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं असंच.

राखाडी रोज माझ्या पायांवर झोपायची. आता ती जवळ आली की मी तिला खराट्यानं लोटायचो. पिवळीचे डोळे पुसलेले हात होते माझे, कितीही धुतले तरी. ती चुलीपाशी बसून माझ्याकडे बघायची. मी दुसरीकडे बघायचो.

मोहाचे दिवस होते. पहाटे फुलं वेचायला जायचो, आणून अंगणात वाळत घालायचो. सात-आठ दिवस गेले असतील. एका सकाळी उंबऱ्यावर दहीभात दिसला, त्यावर हळदकुंकू. कोणाच्या हातून सांडला असेल म्हटलं. कुत्र्यानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहीभात, पुन्हा कुत्रा. तेवढ्यात रस्त्यानं जाणारा एक म्हातारा थबकला, टहाळ्याला लांबूनच हात जोडले आणि वाकून भराभर चालता झाला.

तेव्हा कळलं. गावाला वाटत होतं, माझ्या घरात पुन्हा माता आली आहे. न्हावी फिरकला नव्हता. मोहाला जाणारे हाक न देताच पुढे जात होते. आठ दिवस माझ्या घरात माणूस आलं नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

रस्त्यात उभं राहून एकदा सांगितलं असतं तर भागलं असतं. नाही सांगितलं. ज्याला जाणून घ्यायचं त्यानं विचारावं. देवीचा नैवेद्य कुत्रा खातो, एवढ्याचं मात्र भय वाटलं. मग मी तो उचलून अंगणातल्या कडुनिंबाच्या बुडाशी ठेवायला लागलो.

एके दिवशी राखाडी जेवायला आली नाही. शोधली तर धानाच्या खोलीपाशी. फटीतलं पोतं तिनं नखांनी ओढून काढलं होतं आणि नाक आत खुपसून बसली होती. माझ्याकडे वळली आणि शिंकली.

चार दिवस मोहाला गेलो नाही. तिच्यापासून चार हातांवर बसून तिची शिंक ऐकायची, दुसरं काम नाही. दुसरी शिंक आली नाही. तिकडे पिवळी डोळे उघडून बोडीतल्या, म्हणजे शेतामागच्या तळ्यातल्या मासोळ्या खायला लागली. तरी मी आणखी दहा दिवस दार उघडं सोडलं नाही.

महिन्यानं बाई परतली. तिला लहानपणीच देवी येऊन गेलेल्या, तोंडभर वण. ती कशाला भिते! टहाळा बघून सरळ सपरीत चढली.

"कोणाले आली जी माता? घरात तं तुम्ही एकटेच!"

"तुमच्या मांजरीले."

बाई खालीच बसली आणि पदर तोंडाला लावून हसली. "अन् गावाले सांगतलं नाई?"

"कोणी विचारलं नाई."

"टहाळा पाहून विचाराले कोण येईन? तुम्ही बी न, भाऊ!"

मग तिची नजर खिळ्यावर गेली आणि तिचं हसणं थांबलं. बायकोच्या वेळी तीही रस्त्यापलीकडून बघत होती. तिनं पिवळीला टोपलीत घेतलं.

ती गेल्यावर मी टहाळा काढला, पिवळीखाली अंथरलेली तणस जाळली, खोली शेणानं सारवली. अंघोळ केली आणि राखाडीला उचलून घेतलं. आधी अंग चोरलं तिनं. खराटा विसरली नव्हती.

बाईनं विहिरीवर सगळ्यांना सांगितलं. बायका हसल्या ते माझ्या अंगणापर्यंत ऐकू आलं. आता येईल कोणी, म्हटलं. त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आता दाराला टहाळाही नव्हता.

चौथ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलो आणि रस्ता ओलांडला. बायको गेल्यापासून मी कोणाच्या दारात गेलो नव्हतो.

"मांजर कशी हाये म्हून पाहाले आलो."

"हुंदडाले गेली," बाई म्हणाली. "येईन. तोवर बसा."

बसलो. मांजर दिवस बुडेपर्यंत आली नाही. मीही उठलो नाही.