लिओनिदास किलिंदोचे दोन खांदे

लिओनिदास किलिंदोला मी किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागेल. तो मत कुणाला देत असे, थोरली मुलगी गेली त्याबद्दल बायकोशी तरी तो कधी बोलला का, एकटा असताना काय गुणगुणत असे, यातलं मला काही ठाऊक नाही. कोलंबियातल्या आमच्या पोपायानमध्ये त्याला माझ्यापेक्षा जवळून ओळखणारे पुष्कळ होते. त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मी कुलपं दुरुस्त करणारा माणूस.

आमचं नातं एवढंच, की ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात दुःखी मातेची, म्हणजे मरियेची, पालखी निघे तेव्हा एकाच लांब लाकडी दांडीच्या पुढच्या टोकाला तो असे आणि मागच्या टोकाला मी. मध्ये मूर्ती, मेणबत्त्या, फुलं. चालताना तो मला कधी दिसलाच नाही. पण लाकूड बोलतं. त्याने पाऊल कसं टाकलं, श्वास कुठे घेतला, खोकला कुठे दाबला, हे मला माझ्या उजव्या खांद्यावर कळे. मूर्ती देवळात परत उतरली की तो मागे येऊन म्हणे, “काय रे मागच्या, जिवंत आहेस ना?”

“तू ओढलंस तेवढा आहे.”

पेशाने तो सफेदीवाला. आमच्या गावाच्या भिंती पांढऱ्या, आणि पवित्र आठवड्याआधी त्या पुन्हा पांढऱ्या व्हायलाच हव्यात. तो महिनाभर लिओनिदास शिडीवरच राही, पापण्यांवरसुद्धा चुना. दांडीवरची जागा त्याला बापाकडून आली होती. ती विकत मिळत नाही, मागूनही मिळत नाही. खांद्यावर पडलेला घट्टा आमच्याकडे माणसं सदरा बाजूला सारून दाखवतात. आणि ओझं न सोसून कुणी वाटेत दांडी सोडली, तर ‘त्याने चौदा मागितले’ म्हणतात. चौदाच का, ते कुणालाच सांगता येत नाही. पण ज्याने मागितले त्याच्या नातवालाही ते ऐकावं लागतं.

एका वर्षी चढावर दांडी अचानक माझ्या अंगावर आली, आणि लगेच सावरली. नंतर तो म्हणाला, “मानेच्या खाली कुणी सुई टोचल्यासारखं झालं.” आम्ही हसलो. पुढे मे महिन्यात तो माझ्या दुकानाची भिंत रंगवायला आला, तेव्हा उजवा हात कुंचा घेऊन छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तो एक पायरी वर चढला. मग आणखी एक. प्रत्येक वेळी भिंतच छातीपाशी आणायची, असं त्याचं चाललं होतं.

त्याची बायको ओफेल्मिना अंगणात शेंगदाणे-बटाट्याच्या करंज्या तळून विकत असे. एके दिवशी लिओनिदास तिथेच हौदावर अंग धुताना भिंतीला हात टेकून वाकला, आणि उजव्या खांद्यामागचा फरा, ते पसरट हाड, पाठीतून उपटल्यासारखा बाहेर आला.

“अरे, याला पंख फुटला!” नाबोर ओरडला. तोही आमच्याच पालखीचा, दुसऱ्या बाजूचा खांदेकरी. “पण एकच? गोल गोल फिरत बसशील की.”

“उडायचं तर उडू दे त्याला,” ओफेल्मिना म्हणाली, “जाता जाता माझी चूल फुंकून जा म्हणावं.” पण करंजी तशीच कढईत सोडून ती उठली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

इस्पितळात त्याच्याबरोबर मी गेलो, कारण ओफेल्मिनाला धंदा सोडता येत नव्हता. डॉक्टरीणबाई पास्तो शहराकडची, तरुण होती. तिने त्याला दोन्ही तळवे भिंतीला लावून रेटायला सांगितलं आणि मागून बघत राहिली.

“मानेतून एक बारीक मज्जातंतू निघतो,” ती म्हणाली. तिने त्याच्या मानेपासून काखेखाली बरगड्यांवरून बोट फिरवलं. “हा इथून असा उतरतो. फरा छातीशी धरून ठेवणारा स्नायू याच्यावर चालतो. फरा सुटला की हात वर जाणार कशाच्या आधाराने? इतकी वर्षं ओझ्याखाली तो चेचला गेलाय. तुटलेला दिसत नाही. या खांद्याला आराम मिळाला तर हळूहळू जिवंत होईल.”

“आणि नाही मिळाला तर?”

“तर हात इथवर.” तिने स्वतःचा हात छातीपाशी धरला.

“पवित्र आठवड्यापर्यंत होईल?”

“कुठल्या वर्षीच्या?” तिने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

परत येताना तो पुलावर थांबला. “एक वर्ष बसलो तरी माझ्या टोकाला दुसरा लागतो,” तो म्हणाला. “आणि दुसरा लागला की तो काही उठत नाही. बापाने मला काय पडकी जागा दिली होती?”

तोड काढली ती एलिओदोरोकाकांनी. पालखीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. ते म्हणाले, “हात एक गेलाय, खांदे दोन आहेत ना? नाबोर उजवा खांदा लावून तुझ्या टोकाला येईल. तू त्याच्या जागी जा, डावा लाव. डॉक्टरीणबाईंचंही ऐकलं, आईचंही ऐकलं.”

आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. बिघाड उजवीकडे होता, उजव्याला आराम मिळत होता. यात चुकीचं काय, ते कुणाला दिसलं नाही. फक्त ओफेल्मिना म्हणाली, “खेचराचा एक पाय लंगडला तर तुम्ही उरलेल्या पायांवर दुप्पट लादता का हो?”

“वहिनी, खेचराला नवस नसतो,” काका म्हणाले, आणि सगळे हसले. लिओनिदासही.

डाव्या खांद्याला घट्टा नव्हता. तो पाडायला त्याने अंगणात भिजलेल्या चुन्याचं पोतं डाव्या खांद्यावर घेऊन फेऱ्या घालायला सुरुवात केली. कातडं सोललं की ओफेल्मिना चरबी लावी.

त्या वर्षी माझ्या पुढे नाबोर होता. त्याची पावलं तोकडी, लाकूड सारखं अडखळत होतं. पलीकडच्या दांडीचं काय चाललंय, ते मला कळायला मार्ग नव्हता. विसाव्याला पालखी टेकूच्या काठ्यांवर ठेवली, तेव्हा मान वाकडी करून मी लिओनिदासचा एक कान पाहिला. तो पांढरा पडला होता. पण त्याने चौदा मागितले नाहीत. शेवटच्या पायरीपर्यंत मागितले नाहीत.

देवळात सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. तो खांबाशी उभा होता, दोन्ही हात खाली. “कमरेची गाठ सोड,” तो म्हणाला. मी त्याच्या अंगावरच्या खांदेकऱ्याच्या झग्याचा पट्टा सोडला.

“दांडी सोडली नाही ना मी?”

“नाही, लिओनिदास.”

काही आठवड्यांत डावा फराही तसाच बाहेर आला. डॉक्टरीणबाई रागावली नाही. त्याच्या पाठीमागे जाऊन तिने विचारलं, “दोन्ही?” तिने व्यायाम दिले, ते त्याने प्रामाणिकपणे केले. उजवा थोडा सुधारला, डावा जवळजवळ नाहीच. बोटं मात्र शाबूत होती. तो कणीक मळू शकत होता, बादली धरू शकत होता, फक्त छातीच्या वर त्याला काही नेता येईना. “हात चांगले आहेत माझे,” तो म्हणे, “मलाच त्यांच्यापर्यंत खाली यावं लागतं.” देवळात क्रुसाची खूण करताना आपण बोटं कपाळाला नेतो, तो कपाळ बोटांकडे आणत असे. अनोळखी लोकांना वाटे, काय भक्ती आहे या माणसाची.

दांडीवरची जागा त्याने स्वतःच परत केली. झगा धुऊन, इस्त्री करून ओफेल्मिनाने काकांच्या घरी पोचवला. कुणी वाईट बोललं नाही. त्याचा त्याला आधार वाटला की उलट, मला सांगता येणार नाही.

शिडीवर मग त्याची धाकटी मुलगी नूबिया चढू लागली. तो खाली चुना कालवत बसे.

“डावीकडे ढग राहिलाय,” तो खालून सांगे.

“ढग नाही बाबा, सावली आहे.”

“सावली पुसून दाखव मग.”

तिचा हात सरळ वर जाई आणि तो त्या हाताकडेच बघत राही, भिंतीकडे नाही.

तो गेला ते न्यूमोनियाने. त्याच्या आधी आमची शेवटची भेट झाली ती बाजाराच्या रस्त्यावर, ऑगस्टच्या वाऱ्यात. त्याची टोपी उडून गटाराशी गेली होती आणि तो तिच्याजवळ नुसता उभा होता. मी ती उचलली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

“जरा पुढे ओढ,” तो म्हणाला. “डोळ्यांवर ऊन येतंय.”

“एवढी?”

“अजून. हां, पुरे. दुकान कुणावर टाकून आलायस?”

“कुणावर नाही. कडी लावलीय.”

“कुलूपवाला, आणि नुसती कडी! जा, जा लवकर.”

“जातो,” मी म्हणालो.