भावजींची दुधाची बाटली

आमच्या धाकट्या भावजींइतका दुसऱ्याच्या घशात लक्ष घालणारा माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात सापडायचा नाही. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. हा माणूस ताटात काय वाढलंय ते बघत नाही, जेवणाऱ्याचा गळा बघतो. खाणीवर होते तेव्हा चिखल उपसणारे अजस्र पंप सांभाळायचे. खाणी बंद पडल्या तसे घरी बसले आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी दूध पाजायची बाटली करायला घेतली. अशा बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका तालात जमत नाहीत. दूध भलत्या वाटेने जातं, म्हणून नाकातून नळी घालावी लागते. भावजींची बाटली त्याला ताल शिकवणार होती. काम पुण्याचं, कोण नाही म्हणतो? पण त्यापायी माझ्या घराची धर्मशाळा झाली त्याचं काय!

त्यांना म्हणे गिळण्याचा अभ्यास करायचा होता. हनुवटीखाली चिकटपट्टीने वायर डकवायची आणि समोरच्याला पेज प्यायला लावायची. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेरही सुटला नाही. बिचारा सायकल टेकवून आमच्या सोप्यावर पेज पीत बसला आणि निम्म्या आमोणे गावाला त्या दिवशी पाव मिळाला नाही. शिव्या कोणाला? मला! "वयनी, तू चहा पिताना श्वासच घेत नाहीस," हे तर चार माणसांत ऐकवलं. कळस झाला तो लेकीला बघायला वाळपईची माणसं आली तेव्हा. मुलाच्या वडिलांनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली मात्र, भावजी वायर घेऊन हजर! "घोट मोठा आहे, पण दम कमी पडतो," असा निकालही दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्थळ जमलं ते केवळ व्याही भला माणूस म्हणून.

आणि हे ताल शिकवणार! चवथीला गणपतीपुढे वाजवायचं मातीचं घुमट यांच्या मांडीवर आलं की आरती नुसती सुसाट सुटते. गाणाऱ्यांचे डोळे पांढरे होतात, पण यांचे हात थांबत नाहीत. शेजारचे आबा दरवर्षी झांज खाली ठेवून ओरडतात, "अरे, श्वास घेवपाक दी रे माणसांक!"

यंदा लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली. ओंजळीत मावेल एवढीशी नात, आणि नाकात नळी. तोंडाने दूध प्यायला लागली तरच घरी सोडणार होते. डॉक्टरांनी बाटली तपासून घेतली आणि त्यांच्याच समोर सिस्टरने ती नातीच्या तोंडाला लावली. बाटली आपल्या ठरल्या तालात दूध सोडू लागली आणि पोर गुदमरली. ओठ निळसर पडले. सिस्टरने झटकन बाटली काढून पाठ चोळली, तेव्हा कुठे ती रडली. माझा तोल सुटला. "भावजी, श्वास तरी घेऊ द्या हो तिला!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

एरवी एकाला दहा वाक्यं सुनावणारा हा माणूस रोज इस्पितळात जाऊन तिच्या काचपेटीशी बसू लागला. वायर नाही, पेज नाही, नुसती तिची छाती वरखाली होताना बघायची. "ताल तिचा तिला आहे गो वयनी. मीच माझा लादत होतो," एवढंच एकदा म्हणाले. मग बाटली पुन्हा खोलली. आता बाळ चोखेल तेव्हाच दूध येतं आणि बाळ थांबलं की बाटलीही थांबते. डॉक्टरांनी ती पुन्हा तपासली, पुन्हा लावली. पोर प्यायली हो! मला रडू आवरेना.

चवथीला ती घरी होती. आरतीला वाड्यावरची सगळी माणसं जमली, निरांजनं पेटली, आणि भावजी घुमट बाजूला ठेवून तिला बाटली पाजत बसलेले. माझं डोकंच फिरलं. "अहो भावजी, माणसं केव्हाची उभी आहेत!"

त्यांनी मान वर केली नाही. "जरा राव गो," मला हळूच थांबवत ते म्हणाले, "ती श्वास घेता."

आबांनी उचललेली झांज आवाज न करता छातीशी धरली. पोरीने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा चोखू लागली. या माणसाने जरा थांबावं म्हणून मी इतकी वर्षं घसा कोरडा केला. त्या दिवशी मात्र वाटलं, आरतीला अजून थोडा उशीर झाला तरी चालेल.